त्रिग्लावचे डोंगरकावळे

त्रेंता, २१ जून १९३१

ती. ब्लाझदादास,
पोलोनाचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पळ्या विकत सरहद्दीपलीकडून येणाऱ्या लीझा मावशीने चोळीतून काढून दिलं तेव्हा ते घामाने इतकं भिजलं होतं की आईच्या गुडघ्यांची बातमी निम्मी पुसली गेली होती. उरलेली मावशीने तोंडी सांगितली आणि वर दोन लाकडी पळ्या माझ्या गळ्यात मारल्या. असू दे. टपालापेक्षा तीच बरी. टपालातली पाकिटं इथले इटालियन शिपाई आमच्याआधी वाचतात.

इकडे सगळे खुशाल. गवत कमरेपर्यंत आलंय. लोव्रोचं पाहुण्यांना डोंगरावर न्यायचं काम जोरात आहे. परवा मिलानच्या एका जाड्या वकिलाला त्याने शेवटच्या दांड्यावरून अक्षरशः ढकलत माथ्यावर नेलं. पहिल्या खेपेचे दोराचे फटके घालायची वेळ आली तर वकीलसाहेब म्हणे पोलिसांत जाईन म्हणून ओरडायला लागले. लोव्रोने सांगितलं, साहेब, त्रिग्लाववर पहिल्यांदा येणाऱ्याला फटके चुकत नाहीत, राजा आला तरी नाहीत. मग बिचारा वाकला आणि खाली येऊन सगळ्यांना वळ दाखवत हिंडला.

आता मुद्द्याचं. मिंका आठ वर्षांची झाली. शाळेत पटावर तिचं नाव डोमेनिका, आणि सगळं शिक्षण इटालियनमध्ये. गेल्या आठवड्यात वर्गात भाकरीला आपल्या भाषेत भाकरी म्हणाली म्हणून बाईंनी तिला कोपऱ्यात उभं केलं. घरी येऊन मला विचारते, आई, आपली भाषा वाईट असते का गं. दादा, मी इकडे लग्न करून आले, त्यात तिचा काय दोष? आपण दोघं ज्या अंकलिपीतून शिकलो, ती कोंबड्याच्या चित्राची, तशी एक मिळेल का? इथे ती घरात सापडली तर गुन्हा आहे, ठाऊक आहे मला. लीझा मावशीच्या चोळीत पत्र मावतं, पुस्तक मावत नाही, आणि तिची टोपली तर नाक्यावर उलटी करून बघतात.

लोव्रोने जागा सुचवली आहे. लुक्न्याच्या खिंडीत पहारा असतो, पण तिच्या वर, दांड्यावर, बाबा आपल्याला दम खायला बसवायचे तो सपाट खडक आठवतो ना? त्याच्याखाली ठेवलंस तर ऑगस्टातल्या मरियामातेच्या सणानंतर तो उचलेल.

सणावरून आठवलं. त्या दिवशी मला आईच्या पोतित्साची, त्या अक्रोडाच्या गुंडाळलेल्या गोड पावाची, फार आठवण येते रे. मी करते, पण इथले अक्रोड कडवट, आणि माझी गुंडाळी भाजताना फुटते. लोव्रो तरी निमूट खातो. त्याने नावं ठेवली असती तर बरं वाटलं असतं.

डोंगर मधे आला म्हणून लोभ अडू देऊ नकोस.

तुझी,
पोलोना


मोयस्त्राना, १० ऑगस्ट १९३१

चि. सौ. पोलोनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. महिनाभर पावसाने आणि धुक्याने पिच्छा पुरवला. आपला तीनमुंड्या त्रिग्लाव दिसेचना. त्याची उत्तरेची भिंत, तो उभा कडा, चढायला आलेले दोन पोरगे माझ्या घरी बसून पत्ते खेळले आणि आईची सगळी मनुका संपवून गेले. माथ्याखालच्या हिरव्या बर्फाची चादर यंदा आणखी आक्रसली आहे, क्रेदारित्साच्या मुक्कामाच्या खोलीवर पाण्याची मारामार होणार. माथ्यावरच्या पत्र्याच्या बुरुजाला तुमच्या शिपायांनी पुन्हा आपले रंग फासले, आमच्यातल्या कुणीतरी पुन्हा खरवडले. त्या बुरुजाचा पत्रा झिजून जाईल, पण ह्यांचं भांडण मिटायचं नाही.

तुझं पत्र नेहमीसारखं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मिंकाला कोपऱ्यात उभं केलं तिथवर आलो आणि आई उठून चुलीपाशी गेली. मग म्हणाली, तूच दिलीस माझ्या पोरीला पाण्यापलीकडे. लोव्रोला दोस्त म्हणून घरी मीच आणला. लग्नाला आई नको म्हणत होती, त्रेंतात परके शिपाई बसलेत म्हणत होती. शिपाई चार दिवसांचे पाहुणे आहेत, गवत कापायच्या आत जातील, हे सांगणाराही मीच. त्याच हिवाळ्यात कुठल्याशा साहेबांनी कागदावर रेघ ओढली आणि ती नेमकी त्रिग्लावच्या माथ्यावरून गेली. बाबा माथ्यावर बाटली उपडी करून दाखवायचे, आठवतं? इकडचं पाणी सावेतून काळ्या समुद्राला, तिकडचं सोचेतून दुसऱ्याच समुद्राला. तेव्हा गंमत वाटायची. आता तो डोंगर बघितला की मला तुझं लग्नच आठवतं.

असो. अंकलिपी मिळाली. कोंबड्याचीच आहे. जुन्या प्रार्थनांचं एक पुस्तकही घातलंय. आई आज पुडकं मेणकापडात शिवते आहे, परवा मी खडकाखाली ठेवून येतो. लोव्रोला सांग, सण झाल्यावर जाऊ दे, घाई नको. आणि आईला मी बजावून ठेवलंय, पुडक्यात खायचं काही घालायचं नाही. डोंगरकावळे कसे असतात तुला सांगायला नको. बाबांच्या टोपीखाली लपवलेलं चीज त्यांनी टोपीसकट नेलं होतं.

पोतित्साचं वाक्य मी वाचायला नको होतं. जिभेवरून निघून गेलं. आई माळ्यावर जाऊन गेल्या सालचे अक्रोड चाळत बसली.

मिंकाला मामाचे गालगुच्चे. जावईबापूंना नमस्कार, आणि वकिलाच्या वळांबद्दल शाबासकी. आठवण ठेवत जा, एवढंच मागणं.

तुझा,
ब्लाझदादा


त्रेंता, २० ऑगस्ट १९३१

ब्लाझ,

वर नमस्कार लिहायला हात वळत नाही.

लोव्रोला धरून नेलं. रविवारी, सणाच्या दुसऱ्या दिवशी. आधी तोल्मिनला ठेवलं, आता गोरित्साच्या तुरुंगात आहे. किती महिने, कुणी सांगत नाही. डोंगरावर माणसं न्यायचा परवाना गेला, तो परत मिळायचा नाही हे मात्र आनंदाने सांगितलं.

कसं झालं ते ऐक. पहाऱ्यावरचा एक शिपाई खानावळीत हसत हसत सांगत होता, तिथून माझ्यापर्यंत आलं. खिंडीतून त्यांना दिसलं, वरच्या दांड्यावर डोंगरकावळ्यांचा थवा घिरट्या घालतोय, खाली उतरतोय, भांडतोय. त्यांना वाटलं डोंगरी बकरा मरून पडला असेल, शिंगं मिळतील. शिंगांसाठी वर चढले. बघतात तर खडकाखालचं मेणकापड चोचींनी फाडलेलं, आत पोतित्सा, आणि पोतित्साखाली आपली कोंबड्याची अंकलिपी. मग तिथेच दबा धरून बसले. लोव्रो शिट्टी वाजवत वर गेला असेल. तो नेहमीच वाजवतो.

खायचं काही घालायचं नाही म्हणून तूच लिहिलंस ना? डोंगरावर नेलेल्या पाहुण्याच्या हातून पावाचा तुकडा पडला तर तू त्याच्यावर खेकसतोस. आणि तुझ्या नाकाला अक्रोडाचा वास आला नाही? बारा वाटांचा डोंगर तुला डोळे मिटून कळतो आणि हातातलं पुडकं कळलं नाही?

शेजारणी आता मला टाळतात. काल विहिरीवर दोघी मला बघून घडे अर्धे भरूनच निघून गेल्या. रागावू तरी कुणावर? पुस्तक मागितलं मी. पोतित्साची आठवण लिहिली मी. मला गप्प बसता आलं नाही आणि माणूस माझा तुरुंगात गेला. मिंका रोज विचारते, पप्पा माझ्यामुळे गेले का. मी नाही म्हणते आणि ती माझ्याकडे बघत राहते.

आता पत्र पाठवू नकोस. लीझा मावशी पळ्या विकायला येईल तेवढीच येऊ दे.

पोलोना


मोयस्त्राना, २७ ऑगस्ट १९३१

चि. सौ. पोलोनास,
आशीर्वाद. ते घ्यायचे की नाही ते तुझ्यावर.

पाठवू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. वाचून चुलीत घाल.

पोतित्सा मी घातली. आईचा काही संबंध नाही. निघताना ताटात एक तुकडा दिसला, वाटलं पोरीला सणाचा घास मिळेल, मेणकापडात दोन पदरी गुंडाळला तर कावळ्यांना वास लागणार नाही. बाबांची टोपी डोळ्यांदेखत गेलेला माणूस मी, आणि असा विचार केला. मूर्खपणा हा शब्दही त्याला कमी पडेल. त्या खडकापासून परत येताना वाटेत मला एकदा वाटलंही, मागे फिरावं आणि काढून टाकावं. खिंडीच्या वर ढग उतरत होते, पाहुणे खाली वाट बघत होते. नाही फिरलो. रोज सकाळी डोंगराच्या भिंतीकडे बघतो आणि तेच आठवतं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतंय लोव्रो कामासाठी खाली शहरात गेलाय. रोज विचारते, पोरीचं काही कळलं का, पोतित्सा आवडली का. मी विषय बदलतो. तूही तिला कळू देऊ नकोस, एवढं माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी कर.

गोरित्साला माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांना निरोप पाठवलाय. बघतो काय होतं ते. तुझ्या गवताच्या कापणीला यायला हवं होतं मी. रेघेच्या अलीकडे बसून नुसतं लिहितोय.

पुढे तोंड दाखवायला जागा राहिली तर दाखवीन.

ब्लाझ


मोयस्त्राना, ८ सप्टेंबर १९३१

चि. सौ. पोलोनाला
आईचे आशीर्वाद.

मी लिहीत नाही तुला ठाऊक आहे. अक्षर वाकडं येतं. पण हे ब्लाझकडून लिहून घ्यायचं नाही, म्हणून स्वतः बसले.

ब्लाझ खोटं बोलतो. त्याचं पत्र तुझ्याकडे यायच्या आधी लीझाने मला दाखवलं. पोतित्सा मी घातली. त्याने बजावलं होतं, मी हो म्हटलं आणि घातली. पुडकं शिवताना मधे सरकवली. माझ्या मनात एकच भीती होती, अक्रोड गेल्या सालचे, खवट तर लागणार नाहीत ना. कावळ्यांचा विचारच आला नाही बघ. पोरीला खाऊ द्यायला निघालेली बाई, तिला कावळे कुठे दिसणार? आणि ब्लाझला कळलं होतं. निघताना त्याने पुडकं हातात तोललं, नाकाशी नेलं, माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली. तो पुडकं पाठीवर टाकून निघाला. माझं मन मोडवलं नाही त्याला. म्हणजे तोही दोषीच, पण माझ्यामुळे दोषी.

जावई कुठे आहेत ते मला लीझाने सांगितलं. घराघरात बातमी गेली आणि माझ्यापासून तेवढं लपवणार होते. मला कळलंय हे मी ब्लाझला सांगितलेलं नाही. तो रोज खोटं सांगतो, मी रोज ऐकते. दोघंही वाईट वागतो एकमेकांशी.

आता ऐक. माझा जीव राहत नाही. संत मत्तयाच्या सणानंतरच्या मंगळवारी मी माथ्यावर येते. तू मिंकाला घेऊन तुझ्या बाजूने ये. सणाच्या जत्रेनंतर शिपाई अंथरुणातून उठत नाहीत, लीझा म्हणाली. माझे गुडघे धडके नाहीत, पण क्रमा दरीतून क्रेदारित्साच्या खोलीपर्यंतची वाट माझ्या पाठीला पाठ आहे. चुना वाहिला, फळ्या वाहिल्या, बिअरची पिंपं वाहिली. माथ्यावर मात्र कधी गेले नाही. ओझं खोलीवर उतरवायचं आणि दुसरं आणायला परत फिरायचं, कोण कशाला वर जाईल. आता जाते.

ब्लाझला मी सांगेन, वर ने म्हणून. कशाला ते त्याला वर गेल्यावर कळेल. नाही आलीस तरी मी रागावणार नाही. वाट बघून उतरेन.

तुझी आई


त्रेंता, २७ सप्टेंबर १९३१

ती. ब्लाझदादास,
पोलोनाचा कृ. सा. न. वि. वि. या वेळी पूर्ण, एकही अक्षर न गाळता.

वर काय झालं ते आई सांगत नाही, नुसती गप्प असते आणि मधेच हसते, असं तू लीझा मावशीजवळ म्हणालास. तर मी सांगते. तू होतास कुठे? आईला कमरेला दोर बांधून धाकट्या माथ्यावरून, त्या अरुंद दांड्यावरून, खुंट्या धरधरून आणलीस, बुरुजापाशी दोराचं टोक माझ्या हातात दिलंस आणि मान वर न करता मागे फिरलास. पहाऱ्यावर लक्ष ठेवतो म्हणालास. धाकट्या माथ्यावर तुझी टोपी तेवढी दिसत होती मला. मी बोलावलं नाही. त्याची आता लाज वाटते.

आई दम लागून बराच वेळ दगडावर बसली. चारी बाजूंना बघून म्हणाली, एवढंच का, मला वाटलं काहीतरी असेल. मग मिंकाच्या तोंडावरून हात फिरवला, पुन्हा पुन्हा, आंधळ्या माणसासारखा. मिंका लाजली, पण हलली नाही.

मग उठली, कमरेचा दोर सोडला, दुहेरी केला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, पहिल्या खेपेचे फटके चुकत नाहीत, आणि मला जास्तीचे हवेत, जावयाच्या वाटचेही घाल. आणि बुरुजाला हात टेकून वाकली. दादा, तुझ्यापाशी खोटं बोलत नाही. एक क्षण मला खरंच मारावंसं वाटलं. लोव्रो तिकडे कोठडीत, आणि ही म्हातारी माझ्यासमोर पाठ करून उभी. दोर घट्ट धरला मी. मग तिच्या झग्याला पाठीवर ठिगळ दिसलं, ओझ्याच्या पट्ट्याने झिजलेल्या जागी, आणि मी दोर खाली टाकला. तो एक क्षण मला आयुष्यभर टोचणार आहे.

दोर मिंकाने उचलला. तिला काय ठाऊक? बापाकडून ऐकलेली गंमत तेवढी ठाऊक. हसत हसत आजीला हळूच दोन फटके घातले. आजी म्हणते, आणखी जोरात. मिंका आणखी जोरात. मग स्वतः वाकली, आता माझी पहिली खेप आजी, म्हणून. आईने दोर तिच्या पाठीला नुसता लावला, आणि तिथेच बसून तिला पोटाशी धरून रडायला लागली.

डोंगरकावळे आलेच. पिवळ्या चोचीचे सहा-सात, पायांशी येऊन माना वाकड्या करत उभे. आईने झग्याचे दोन्ही खिसे उलटे करून त्यांना दाखवले. एक कण नव्हता. मिंका हिरमुसली. आजी, पोतित्सा नाही आणलीस? त्यावर आईचं तोंड असं झालं की मला कुठे बघावं कळेना.

उतरायच्या आधी आई जे म्हणाली ते ऐक. पुस्तक लीझाच्या चोळीत मावत नाही, पण पान मावतं ना? पुस्तक फाड, दर पत्रातून एकेक पान पाठव. पुस्तक फाडणं पाप आहे, तेही माझ्याच नावावर लिही. दादा, एवढं साधं. तुला सुचलं नाही, मला सुचलं नाही, लोव्रोला नाही. सुचलं असतं तर तो आज इथे गवत रचत असता. तेव्हा दुसरी अंकलिपी मिळव आणि पहिलं पान या पत्राच्या उत्तरातच घाल. कोंबडा आधी.

आता माझी गोष्ट. लोव्रोचं कार्ड आलं होतं, तुला लिहिलेल्या त्या कडू पत्रानंतर चार दिवसांनी. मी तुम्हाला कळवलं नाही. मुद्दाम नाही कळवलं. तुरुंगातून इटालियनमध्येच लिहावं लागतं, मला ते धड वाचता येत नाही, म्हणून मिंकाने वाचून दाखवलं. ज्या भाषेपायी बाप आत गेला, त्याच भाषेत पोरीने मला बापाचं खुशालपत्र वाचून दाखवलं, तेही एकदा न अडखळता. तब्येत बरी आहे, मार्चमध्ये सुटेन असं दिसतं, शेळीला पाला कमी घाल, एवढंच. आणि खाली एक ओळ. पहिल्या दिवशी शिपायांनी अक्रोडाच्या गोड पावातलं टोक मला दिलं, फार उत्तम झाला होता, करणारीला कळव.

करणारीला. म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं कुणी घातला ते, आणि मी महिनाभर ते कार्ड उशाखाली ठेवून बसले.

आई माथ्यावरून उतरायला निघाली तेव्हा ती माझी माफी मागायला लागली. मी माफ केलं असं म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच येईना, दादा. खरंच येईना. मग कार्डातली ती ओळ सांगितली. टोक मिळालं, त्याने खाल्लं, उत्तम झालं होतं म्हणाला.

आई दांड्याच्या तोंडाशी थांबली. डोळे पुसले, माझा हात घट्ट धरला, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, अक्रोड खवट तर नव्हते लागले?

पुढच्या उन्हाळ्यात लोव्रो, मिंका, तू आणि मी, चौघं जण वर येऊ, तुझ्या वाटचे फटके तेव्हा. तोवर मान वर करून चाल, आणि आईला ह्या पत्रातलं सगळं मोठ्याने वाचून दाखव. या वेळी काही गाळू नकोस.

तुझीच,
पोलोना